डिझेल व्हॅनचं मायलेज: कंपनी सांगते ते आणि टाकीतून निघतं ते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅटलॉगमध्ये लिटरला १६ लिहिलंय, माझी व्हॅन १२ देते. गाडीत दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. कंपनीचा आकडा एका ठरावीक चाचणीचा असतो: ठरलेला वेग, ठरलेलं तापमान, ठरलेलं वजन. तुमचा रस्ता, तुमचा माल आणि तुमचे थांबे त्या चाचणीत नसतात. त्या आकड्याचा खरा उपयोग दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यापुरता. दोष आहे की नाही हे ओळखायचं असेल तर आजचं मायलेज याच गाडीच्या, याच कामावरच्या जुन्या मायलेजशी लावून पाहा. ती नोंद नसेल तर आजपासून ठेवा. कशी ठेवायची ते पुढे सविस्तर दिलंय.

कंपनी हा आकडा मोजते कसा? कुठल्या रस्त्यावर?

रस्त्यावर नाही, रोलरवर. आधी मोकळ्या ट्रॅकवर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि वेग किती लवकर उतरतो ते नोंदतात. त्यातून हवेचा आणि टायरचा एकूण विरोध काढला जातो. मग प्रयोगशाळेतले रोलर तेवढाच विरोध देतील असे लावतात आणि गाडी ठरलेल्या वेळापत्रकाबरहुकूम चालवतात.

गंमत म्हणजे या चाचणीत डिझेल मापाने मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला वायू गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून एखाद्या व्हॅनच्या कागदावर मायलेज नसून फक्त ‘२०० ग्रॅम प्रति किलोमीटर’ असं दिलेलं असेल, तर २,६४० ला २०० ने भागा. उत्तर येतं १३.२, म्हणजे चाचणीतलं मायलेज लिटरला १३.२ किलोमीटर.

एनईडीसी आणि डब्ल्यूएलटीपी यांत फरक काय? कोणता आकडा धरायचा?

एनईडीसी ही जुनी युरोपीय चाचणी. ११ किलोमीटर, १,१८० सेकंद, सरासरी वेग ताशी ३४ च्या आसपास, आणि त्यात जवळजवळ पाव वेळ गाडी उभीच. शहरी भागात शून्यावरून ५० चा वेग गाठायला तब्बल २६ सेकंद दिलेले. मागच्या गाडीचा हॉर्न न ऐकता असं कुणी चालवू शकत नाही. भारतातली एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) चाचणी याच साच्यातली, फक्त तिच्यात कमाल वेग ९० वर थांबतो.

डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी. सुमारे २३ किलोमीटर, १,८०० सेकंद, सरासरी ४६.५, कमाल वेग १३१, आणि उभं राहण्याचा वेळ १३ टक्क्यांच्या आसपास. युरोपात कारसाठी ती सप्टेंबर २०१७ पासून लागू झाली, मोठ्या व्हॅनसाठी त्यानंतर एका वर्षाने. व्हॅनवाल्यांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वजनाची आहे. कारच्या चाचणीत वजन क्षमतेच्या १५ टक्के भार धरतात, व्हॅनच्या चाचणीत २८ टक्के. जुन्या चाचणीत गाडी जवळपास रिकामी असायची.

दोन्ही आकडे हाताशी असतील तर डब्ल्यूएलटीपीचाच धरा. मात्र एका गाडीचा एनईडीसी आणि दुसरीचा डब्ल्यूएलटीपी अशी तुलना करू नका, तिला काही अर्थ नाही. जुन्या व्हॅनच्या जाहिराती चाळताना ही चूक सर्रास होते.

मग ही सरळसरळ फसवणूक नाही का?

नियमांच्या आत राहून केलेली ओढाताण बरीच होती. जुन्या चाचणीत टायरची हवा, बॅटरीचं चार्जिंग, ट्रॅकचा उतार अशा बारीकसारीक मुभा होत्या आणि प्रत्येकीतून थोडं थोडं पदरात पडायचं. २०१५ साली उघड झालेलं फोक्सवॅगनचं प्रकरण वेगळं. ते नायट्रोजन ऑक्साइडच्या उत्सर्जनाचं होतं. चाचणी चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारं सॉफ्टवेअर गाडीत होतं. मायलेजमधली तफावत मात्र असं कुठलंही सॉफ्टवेअर नसतानाही येते.

‘४२ टक्के तफावत’ म्हणजे मायलेज ४२ टक्के कमी का?

नाही. इथे बरेच जण फसतात. आयसीसीटी या वाहनांच्या प्रदूषणावर संशोधन करणाऱ्या संस्थेने युरोपातल्या कारच्या जाहीर आणि प्रत्यक्ष खपात काढलेली तफावत २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती, ती २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेली. पण हे टक्के जळालेल्या इंधनाचे आहेत. १०० लिटरच्या जागी १४२ लागले, तर मायलेज १०० भागिले १४२, म्हणजे मूळच्या ७० टक्के उरतं. घट ३० टक्के.

नव्या चाचणीनंतर फरक कमी झाला, संपला नाही. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांच्या आतल्या नोंदी युरोपीय आयोगाने तपासल्या, तेव्हा डिझेल कारचा प्रत्यक्ष खप जाहीर आकड्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त निघाला. लिटरमागच्या किलोमीटरच्या भाषेत ही साधारण १५ टक्के घट. हे आकडे कारचे आहेत. व्हॅनचा उपयोग इतका वेगवेगळा असतो की तिच्यासाठी एकच टक्का सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

व्हॅनच्या बाबतीत इतका वेगवेगळा का?

कार रिकामी असो की भरलेली, वजनात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. मालासह साडेतीन टन वजनाची व्हॅन रिकामी २,१०० किलो आणि भरून ३,५०० किलो. शिवाय एकाच नावाखाली छोटी-लांब, बसकी-उंच अशा कितीतरी व्हॅन विकल्या जातात आणि जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द लावून त्यातल्या सगळ्यात हलक्या, बुटक्या गाडीचा आकडा छापतात. छप्पर ४० सेंटीमीटर उंच झालं की समोरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटरने वाढतं. साडेचार चौरस मीटरच्या गाडीला ही १५ टक्क्यांची भर आहे आणि हवेचा विरोध जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. नुसत्या चासीवर नंतर पेटी बांधून घेतली असेल, तर मूळ कंपनीच्या आकड्याचा त्या गाडीशी फारसा संबंधच राहत नाही.

वेगामुळे नेमका किती फरक पडतो?

हायवेवर सर्वांत जास्त फरक वेगाचाच. एक मध्यम व्हॅन घ्या: क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३६, मालासह वजन अडीच टन. टायरचा विरोध साधारण २४५ न्यूटन, वेग कितीही असला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध ताशी ८० ला ४८० न्यूटन, १०० ला ७५० आणि ११० ला ९०० च्या वर. वेगाच्या वर्गाने वाढतो तो असा.

डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोचते आणि जास्त भारावर इंजिन थोडं अधिक कार्यक्षम होतं. हे धरून सपाट रस्त्यावर, वारा नसताना हिशेब असा येतो: ८० ला लिटरमागे १६ ते १६.५, १०० ला साडेबाराच्या आसपास, ११० ला ११ च्या थोडं वर. म्हणजे १०० किलोमीटरला ८० च्या वेगात सहा लिटर आणि ११० च्या वेगात जवळजवळ नऊ. त्या जादा पावणेतीन लिटरच्या बदल्यात वाचतात वीस मिनिटं. सौदा परवडतो का ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ११० ने चालवून ‘गाडी डिझेल पिते’ म्हणू नये.

छपरावरचं रिकामं कॅरिअर किंवा शिडी हायवेवर पाच-दहा टक्के सहज खाते. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा. चार नट-बोल्टचं काम आहे.

शहरात वेग कमी असतो, तरी मायलेज का पडतं?

थांब्यांमुळे. गाडी ५० पर्यंत नेली आणि ब्रेक मारला की तिला दिलेली सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. हे डिझेलमध्ये मोजता येतं. २,१०० किलोची रिकामी व्हॅन शून्यावरून ५० ला न्यायला साधारण १७ मिली डिझेल लागतं, ३,५०० किलोच्या भरलेल्या व्हॅनला २८ मिली. घरपोच मालाच्या फेरीत थांबे आणि सिग्नल धरून असे १५० वेळा झालं, तर रिकाम्या गाडीला अडीच लिटर आणि भरलेलीला सव्वाचार लिटर फक्त वेग घेण्यात गेले.

यातून दोन गोष्टी निघतात. वजनाची किंमत हायवेपेक्षा शहरात कितीतरी जास्त पडते, त्यामुळे मागे कायमची पडून असलेली दोनशे किलोची हत्यारं आणि सुटे भाग उतरवायचे असतील तर शहरातल्या गाडीतून आधी उतरवा. आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की तेव्हाच पाय उचलायचा. गाडी गिअरमध्ये ठेवून सोडली की इंजेक्टर डिझेल बंद करतात आणि ती घरंगळत सिग्नलपाशी पोचेपर्यंत एक थेंबही जळत नाही.

न्यूट्रलवर सोडली तर आणखी वाचत नाही का?

उलट. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला फिरतं ठेवायला डिझेल लागतं, गिअरमध्ये ते काम चाकं करतात. उतारावर न्यूट्रल करणं तर धोक्याचं. इंजिन ब्रेकिंग जातं आणि भरलेल्या व्हॅनचे ब्रेक तापून सुटू शकतात.

गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तर किती जळतं?

दोन लिटरच्या आसपासच्या इंजिनला तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एसी चालू असेल तर एक लिटरच्या आसपास. माल उतरवताना रोज दोन तास इंजिन चालू राहत असेल, तर त्या काळात किलोमीटर शून्य आणि खप लिटर-दीड लिटर.

खरं मायलेज मोजायचं कसं?

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण नेमकेपणाने करणारे कमी.

पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे पुढे ‘अजून थोडं’ म्हणत भरलं की प्रत्येक वेळी वेगळी पातळी मिळते. शक्यतो तोच पंप, तीच नळी आणि गाडी त्याच तोंडाने उभी. जमीन तिरकी असेल तर टाकीत एक-दोन लिटरचा फरक पडतो. किलोमीटरचं रीडिंग आणि लिटर दशांशासह लिहून ठेवा.

वीस लिटर भरून काढलेल्या मायलेजवर भरवसा नको, कारण एक-दोन लिटरची चूक तिथे पाच ते दहा टक्के होते. साठ लिटरला तीच चूक दोन-तीन टक्क्यांवर येते. चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागाकार केला की चूक जवळजवळ विरून जाते.

सरासरी काढताना मायलेजची सरासरी काढायची नाही. हायवेचे ४०० किलोमीटर लिटरला १६ ने झाले, शहरातले ४०० लिटरला १० ने. सरासरी १३ वाटते, पण डिझेल लागलं २५ आणि ४०, एकूण ६५ लिटर. ८०० भागिले ६५ म्हणजे १२.३. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

शेवटी ओडोमीटर. टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली की चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने कमी होते, आणि व्हॅनच्या टायरला हा पावणेदोन टक्क्यांच्या आसपासचा फरक आहे. चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतं आणि झिजलेल्या टायरवर मायलेज सुधारल्याचा भास होतो. मोठ्या मापाचे टायर घातले की नेमकं उलटं. पन्नास किलोमीटरचं सरळ अंतर जीपीएसवर आणि मीटरवर एकदा ताडून पाहा आणि जो फरक येईल तो हिशेबात धरा.

डॅशबोर्डवर दिसणारं मायलेज धरलं तर चालेल?

आजची फेरी कालच्या फेरीशी ताडायला उत्तम, डिझेलच्या बिलाशी ताडायला नाही. तो आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा गोडच असतो. पाच-सहा टाक्यांवर दोन्ही आकडे शेजारी लिहिले की तुमच्या गाडीचा फरक कळतो आणि तो पुढे साधारण तसाच राहतो.

परदेशी परीक्षणांत ‘४० एमपीजी’ लिहितात ते किती?

एमपीजी म्हणजे एका गॅलनला किती मैल. ब्रिटिश गॅलन असेल तर लिटरला १४.२ किलोमीटर, अमेरिकन असेल तर १७. परीक्षण कुठलं ते आधी पाहा. ‘१०० किलोमीटरला ८ लिटर’ असं असेल तर १०० ला ८ ने भागा, साडेबारा.

टायरच्या हवेने खरंच फरक पडतो?

पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. चारही टायरमध्ये १० पीएसआय कमी असेल तर ढोबळमानाने दोन टक्के. व्हॅनची गोची अशी की पुढची आणि मागची हवा वेगळी असते आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरला कारच्या जवळपास दुप्पट लागू शकते. हवा भरणारा सवयीने चारही टायरना कारइतकीच हवा मारतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून आकडा सांगा आणि हवा टायर थंड असताना तपासा. कमी हवेवर माल नेण्यात डिझेलपेक्षा टायर फुटण्याची भीती मोठी आहे.

मायलेज अधूनमधून एखाद्या दिवशीच खूप पडतं. का?

हे डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं लक्षण आहे. फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी जादा डिझेल टाकून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि ती काजळी जाळते. हे दहा-वीस मिनिटं चालतं. तेव्हा आयडलचे आरपीएम चढतात, स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) काम करत नाही, उभ्या गाडीचा पंखा जोरात फिरत राहतो आणि जळका वास येतो. अशा वेळी इंजिन बंद करू नका, जमल्यास दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा.

मध्येच बंद केलं तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून डिझेल जळतं. त्याहून वाईट म्हणजे न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. छोट्या फेऱ्यांच्या गाडीची डिपस्टिक दर आठवड्याला बघा. ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते लगेच बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो दोन्ही खातं.

काही शे किलोमीटरमधून एकदा हे होणं स्वाभाविक. दीडशेच्या आत वारंवार होऊ लागलं तर कारण शोधा: इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोची फाटकी होज, किंवा फिल्टरमध्ये साठलेली राख. राख काजळीसारखी जळत नाही. ती ऑइलमधून येते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच ऑइल घाला.

अ‍ॅडब्लू मायलेजमध्ये धरायचं का?

अ‍ॅडब्लू म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला एक्झॉस्टमध्ये सोडलं जाणारं युरियाचं द्रावण. ते मायलेजमध्ये नाही, खर्चात धरायचं. व्हॅनला १,००० किलोमीटरला साधारण एक ते दीड लिटर लागतं.

महिन्याभरात मायलेज १३ वरून ११ वर आलं, काम तेच. काय तपासू?

सोप्यापासून अवघडाकडे, या क्रमाने.

आधी हवा. मग ब्रेक: ब्रेक फारसा न मारता पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न लावता नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. जॅकवर उचलून ते चाक हाताने फिरवलं की खात्री होते.

नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह. हा छुपा चोर आहे आणि स्वस्तातला भाग असूनही मेकॅनिक त्याच्याकडे शेवटी वळतात. तो उघडा अडकला की इंजिन ८५-९० अंशांऐवजी ६५-७० वरच राहतं. गाडी स्वतःला थंड समजून डिझेल जास्त देते आणि डीपीएफची सफाईही नीट होत नाही. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं खरं तापमान हायवेवर वाचा.

पुढे अलाइनमेंट. टायरच्या एकाच कडेला पिसासारखी झीज दिसत असेल तर ती बिघडली आहे. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होज: जोडाशी ऑइलचा ओला थर, वेग घेताना शिट्टीसारखा आवाज, काळा धूर, दम कमी. एअर फिल्टर बदलाच, पण नुसत्या त्याने दोन किलोमीटर परत येतील ही अपेक्षा नको.

इंजेक्टर शेवटी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या एकेका बाटलीत सोडून इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवतात. एखाद्या बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर न्यायचा. ही चाचणी केल्याशिवाय चारही इंजेक्टर बदलायला तयार होऊ नका.

डिझेलमध्ये घालायची औषधं, चुंबक, रीमॅप?

चुंबकाने काहीही होत नाही. इंजेक्टर खरोखर मळले असतील तर क्लीनरने थोडा फरक पडतो, स्वच्छ असतील तर नाही. रीमॅपने, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, हायवेवर थोडं वाचू शकतं, पण वॉरंटी जाते, उत्सर्जनाचा नियम मोडू शकतो आणि वाढलेल्या ताकदीचा मोह झाला की वाचलेलं डिझेल परत जळतं.

नवी व्हॅन घेताना काय मायलेज धरून चालू?

डब्ल्यूएलटीपीच्या आकड्यातून सुरुवात करा, आणि तो तुम्ही घेणार त्याच लांबी-उंचीच्या गाडीचा आहे याची खात्री करा. ८०-९० च्या वेगाने, अर्ध्या मालावर, लांबच्या फेऱ्या असतील तर तो आकडा किंवा दहा टक्क्यांपर्यंत कमी. उंच छपराची गाडी ११० ने पळवणार असाल तर २५-३० टक्के कमी. शहरातली थांब्यांची फेरी असेल तर २५-३५ टक्के कमी. या ढोबळ मर्यादा आहेत. कंपनी चाचणीच्या टप्प्यांचे आकडे वेगळे देत असेल तर शहरासाठी ‘लो’ टप्प्याचा घ्या. त्यात थांबे धरून सरासरी वेग ताशी १९ च्या आसपास असतो, त्यामुळे तो तुमच्या कामाच्या जास्त जवळ जातो. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये इंजिन मोकळं होईपर्यंत मायलेज थोडं कमीच येतं, तेव्हा नोंदी पहिल्या दिवसापासून लिहा, पण मूळ आकडा पहिल्या सर्व्हिसनंतरच्या पाच टाक्यांवरून ठरवा.